मी काढलेले बूट

विलायतेत आपल्या देशाकडून माझ्या लहानपणच्या सवंगड्याने फलंदाजी केली, तेव्हा भिसेगावात पेढे वाटले गेले. मी घेतला नाही. दाढ दुखतेय म्हणालो. दुखत होतं भलतंच.

कारण खेळणारा खरा मी होतो. भात झोडून झालं की आमचं खळं आम्हाला खेळायला मिळायचं. ठोकून, शेणाने सारवलेली ती जमीन म्हणजे आमची खेळपट्टी. मी बॅट सोडायचो नाही आणि तो गोलंदाजी करून दमायचा. म्हणायचा, "पुरं रं आता, मला बी दे की." अनवाणीच खेळायचो. खळ्यात वहाणा घालून जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिथे लक्ष्मी उतरते.

मग एकदा मुंबईच्या संघासाठी खेळाडू हेरायला एक गृहस्थ कर्जतच्या मैदानावर आले. आम्हा दोघांत बुटांचा एकच जोड, तोही उसना. पहिली पाळी माझी. खेळपट्टीपाशी पोचलो आणि काय सांगू, हात आपोआप नाड्यांकडे गेला. बूट काढले, कडेला नीट ठेवले आणि उभा राहिलो. लोक खदाखदा हसले. पहिले दोन चेंडू सीमेपार गेले तेव्हा गप्प बसले. तिसरा थेट अंगठ्यावर आला. मला उचलून बाहेर नेलं. मी काढलेलेच बूट घालून तो आत गेला आणि संध्याकाळपर्यंत खेळत राहिला.

पुढे तो मुंबईला गेला, तिथून बोटीने विलायतेला. मी इथेच, बिननखाच्या अंगठ्याने चिखलात भात लावत. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला की मी आधी पाय बघायचो.

परत आल्यावर तो आमच्या खळ्यावर आला. अंगात कोट, पायात चकचकीत बूट. मनात म्हटलं, टाक पाऊल तसंच, म्हणजे गावभर तुझी शोभा करता येईल. कडेशी थांबून त्याने बूट काढले. माझा नुसता जळफळाट झाला.

शेजारी बसून म्हणाला, "तिकडं पयल्यांदा उतरलो ना, तवा मी बी वाकलो व्हतो रं, बूट काढाया. इतक्यात तुजा अंगठा डोळ्यापुढं आला. नाड्या आवळल्या नि उभा ऱ्हायलो. तुजे लय उपकार हायेत."

बाकी सगळं त्याचं झालं, पण ती चूक तरी माझी एकट्याची, असं इतकी वर्षं धरून बसलो होतो. तीही त्याच्याच कामी आली.