अप्पांचे काढे आणि माझा एम-थ्री

दोष अप्पांचा. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी 'अरे, पण म्हातारा मनानं चांगला होता' असलं काही काढायला नको. मनानं चांगला होताच. माझी वाट लावणारी सगळी माणसं मनानं चांगलीच होती!

अप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. अडतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, रिटायर झाले आणि फुलेवाडीतल्या आमच्या एकत्र घरामागच्या रिकाम्या गोठ्यात म्हशींच्या जागी अळंबी लावली. धिंगरी अळंबी. भाताचं पिंजार भरलेल्या पिशव्या आढ्याला टांगायच्या, अंधार करायचा, पाण्याचा फवारा मारायचा. शेजारी कुंड्यांत ब्राह्मी, फळीवर बरण्यांत अश्वगंधा, जटामांसी, तगर. 'टेन्शनवर नैसर्गिक उपाय' असा बोर्ड त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात रंगवला आणि माणसं यायला लागली. कोल्हापुरात टेन्शन कुणालाच नसतं, पण यायची!

अशा ठिकाणचे किस्से धिंगरीसारखेच. आज खुडावेत, तर परवा त्याच पिशवीतून नवा गुच्छ बाहेर. मित्रांना सांगून संपतील म्हटलं, तर सांगता सांगता वाढलेत.

मी तिथं कसा, तर एम-थ्रीमुळं. इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर. दोनदा बसलो. दोन्ही वेळा पेपर हातात आला आणि छाती अशी धडधडायला लागली, की आकडे पाण्यात पडल्यासारखे हलायला लागले. दोन्ही वेळा उठून बाहेर आलो. आता पुढच्या मे महिन्यातला चान्स शेवटचा. युनिव्हर्सिटीची मुदत संपत होती. सुटला तर शेवटचं वर्ष, नाही सुटला तर कायमचं घरी.

* * *

आधी मी एका डॉक्टरीणबाईंकडं गेलतो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक गोळी काही महिने घे, आणि दर आठवड्याला येऊन माझ्याशी बोल.

बाबा म्हणाले, "बोलायला डॉक्टर कशाला? घरात माणसं न्हाईत व्हय?"

माणसं होती. बोलतही होती. ऐकायचं डिपार्टमेंट तेवढं बंद होतं.

गोळीची चिठ्ठी अप्पांकडं गेली. त्यांनी चष्मा काढला. "ही केमिकलं."

"अप्पा, पाणी पण केमिकलच की. तुम्हीच शिकवलंय."

"आधी जिभेवर उपचार करायला पाहिजे तुझ्या," असं म्हणून त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि जटामांसीच्या बरणीखाली सरकवली. बरणी डुगडुगत होती, तिला टेकू पाहिजे होता.

मग त्यांनी नवी कोरी प्रयोगवही काढली. शाळेत असायची तशीच. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोग क्रमांक एक, ब्राह्मीचा रस, अर्धी वाटी. मी वाटी तोंडाला लावायच्या आत अप्पांनी लिहूनसुद्धा टाकलं, 'अनुमान : विद्यार्थ्याचे मन शांत झाले.'

"अप्पा, मी अजून प्यायलो नाही."

"पी की मग! माझ्या वर्गात अडतीस वर्षांत एकाही पोराचा प्रयोग चुकलेला नाही!"

* * *

एक गोष्ट मात्र कबूल करतो. रस प्यायल्यावर अर्धा तास अळंबीच्या शेडमध्ये बसायचं, हा नियम मला आवडायचा.

आत गेलं की पहिल्यांदा काही दिसायचं नाही. मग हळूहळू अंधारातून पांढरं काहीतरी वर यायचं. पिशव्यांच्या भोकांतून धिंगरी बाहेर पडलेली असायची, पातळ, ओलसर, एकावर एक. थेट कानांसारखी. फवाऱ्याचं धुकं तरंगत असायचं, ओल्या पिंजाराचा वास यायचा, कुठंतरी एक थेंब पडायचा आणि पुढचा पडेपर्यंत जगात काही घडत नसायचं. मी त्या कानांना सगळं सांगायचो. पेपरचं, छातीचं, आकडे हलतात त्याचं. शेकडो कान, आणि एकही मधेच 'आमच्या वेळी' म्हणायचा नाही.

एकदा बाबा आत डोकावले. "कुणाशी बोलालईस रे?"

"अळंब्यांशी."

बाबा बाहेर जाऊन अप्पांना म्हणाले, "डोस वाढवा."

* * *

तालमीतले एक वस्ताद यायचे. सत्तरीचे, कान मोडलेले, मान खांद्यातच बसलेली. पहिल्यांदा आले तेव्हा दारातच उभं राहून इकडंतिकडं बघत म्हणाले, "सर, आमच्या म्हशीला जरा घाबरल्यागत होतंय."

अप्पांनी क्षणभर बघितलं. "कधीपासून?"

"मालकीण गेल्यापास्नं."

"झोप?"

"न्हाई लागत. उगं कूस बदलत पडती."

अप्पांनी अश्वगंधेची पुडी बांधली. "चिमूटभर दुधातनं द्या. आणि म्हशीला म्हणावं, एकटं बसून जेवू नको."

महिनाभर ही म्हैस चालली. दर सोमवारी तिची चौकशी. मला हसू दाबता यायचं नाही. एका सोमवारी मीच आगाऊपणानं विचारलं, "काय वस्ताद, म्हैस झोपती का आता?"

"झोपती की." त्यांनी पुडी खिशात घातली. "पर पहाटं उठून रडती."

त्या दिवशी मी त्यांना शेडमध्ये नेऊन माझ्या जागेवर बसवलं. अर्ध्या तासानं बाहेर आले ते डोळे पुसतच, आणि मला दम दिला, "आत धूर लई हाय तुमच्या!"

धूर कसला, तिथं नुसतं पाणी!

* * *

आईला अळंबी हा प्रकारच मान्य नव्हता. "कुत्र्याच्या छत्र्या चारतायसा पोराला!" असं ती अप्पांना तोंडावर म्हणायची. म्हणून अप्पांनी चोरवाट काढली. कुठूनतरी रेशी नावाच्या अळंबीची पावडर मागवली, सगळ्या ताणांवर अक्सीर म्हणे, आणि रविवारी मटणाच्या जेवणाला घरचे-पावणे धरून बारा माणसं असताना ती पांढऱ्या रश्शात ढवळली. मूठभर!

पहिला भुरका मी मारला. कडुनिंब बरा. मी वर बघितलं. अकरा माणसं तोंड घट्ट मिटून गिळत होती. आता रश्शाला नावं ठेवायची म्हणजे घराला नावं ठेवायची, आणि आमच्यात ते पाप.

"भारी झालाय," एक पावणं म्हणाले. डोळ्यांत पाणी.

"येगळीच चव हाय," दुसरे.

बाबांनी तर वाटी पुढं केली! "वाढ आणि थोडा."

मी म्हणालो, "कडू जहर झालाय. कुणीच कसं बोलत नाही?"

"जिभेला वळण न्हाई ह्याच्या," बाबा म्हणाले आणि दुसरी वाटी संपवली. घामानं निथळत.

पानं उठल्यावर अप्पांनी विजयी मुद्रेनं गुपित फोडलं आणि विचारलं, "आता मन कसं शांत वाटतंय की नाही सगळ्यांना?"

पाचव्या मिनिटाला बाबा आणि अप्पा गावाकडच्या शेताच्या बांधाच्या वादावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले. पावण्यांनी सोडवलं.

* * *

श्रावणात अप्पा मला एसटीनं चंदगडला घेऊन गेले. रानातली अळंबी जास्त गुणकारी, असं त्यांच्या मनानं घेतलेलं.

उतरलो तेव्हा पुढचा माणूस दिसत नव्हता एवढं धुकं. काजूच्या बागेतून चाललो होतो. झाडं अचानक समोर यायची, आपल्याकडं बघायची आणि मागं विरघळून जायची. पाऊस पडत नव्हता, नुसता हवेत थांबला होता. चालता चालता माझ्या लक्षात आलं, की छातीत काहीच होत नाहीये. एम-थ्री आठवून बघितला. तरी काही नाही. धुक्यात आकडे पण दिसत नसावेत.

अप्पा लॅटिन नावं घेत टोपली भरत होते. तेवढ्यात धुक्यातून एक म्हातारी आली, डोक्यावर इरलं, हातात कोयता. टोपलीत वाकून बघितलं.

"कशाला गोळा केलासा?"

"औषध आहे, मावशी," अप्पा शाळेतल्या आवाजात म्हणाले. "माणसाचा ताण जातो यानं."

"जातोय की," म्हातारी म्हणाली. "ह्यातली दोन खाल्लासा तर ताण न्हाई ऱ्हाणार. तुमी बी न्हाई ऱ्हाणार."

आणि पायानं टोपली उपडी केली. मग माझ्याकडं बघून अप्पांना विचारलं, "पोराला काय हुतंय?"

"परीक्षेची भीती."

"मग नका बसवू की."

एवढं बोलून ती धुक्यात गेली. परतीच्या एसटीत अप्पांनी मला प्रयोगवहीत लिहायला लावलं, 'निरीक्षण : स्थानिक लोकांत अज्ञान फार आहे.'

* * *

आता मे महिना. पेपरचा दिवस, सकाळी दहाची वेळ. माझी तयारी झालती, हे छातीवर हात ठेवून सांगतो. गणितं येत होती. फक्त तीन तास बाकावर बसून राहायचं होतं.

सातला आईनं स्वयंपाकघरात बोलावून दुधाचा पेला हातात दिला. त्यात जायफळ उगाळलेलं, अख्खं. "घाबरू नगंस. आणि अप्पांस्नी सांगू नको, त्यांचं त्यांचं चालू असतंय."

आठला अप्पांनी तगर आणि जटामांसीचा काढा दिला. "आज दुप्पट मात्रा आहे. तुझ्या आईला बोलू नकोस, तिला विज्ञान कळत नाही."

नऊला बाबांनी मला स्कूटरवर घेतलं. जन्मात पहिल्यांदा मला कुठंतरी सोडायला आलते. वाटेत दूध कट्ट्यावर थांबले. तिथं म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ पेला हातात देतात. बाबांनी खिशातून कागदाची पुडी काढून सगळी त्यात ओतली. अश्वगंधा. "पी बाळा. घरात काय बोलू नको."

बाळा! वीस वर्षांत हा शब्द कुठं ठेवलाता कुणास ठाऊक.

नाही म्हणता आलं असतं. पण तिघांचेही हात पेला देताना थरथरत होते. पेपर माझा होता आणि हात त्यांचे थरथरत होते. प्यायलो.

हॉलमध्ये बसलो. सीट नंबर लिहिला, तारीख लिहिली. पेपर हातात आला. छाती गप्प. पहिलं गणित वाचलं, येत होतं. पंखा वर फिरत होता, हळू, अगदी हळू. इंटिग्रेशनच्या खुणा पाण्याखालच्या गवतासारख्या डोलायला लागल्या. मी म्हटलं, डोलू दे. त्यांच्यामधून पोहत पोहत खाली गेलो. खाली उजेड होता, हिरवा, मऊ. कुणी हाक मारत नव्हतं. कुणाला काही व्हायचं नव्हतं. आयुष्यात तसलं गाढ मी कधी झोपलो नाही.

पुढचं मला मागच्या बाकावरच्या कुमारनं सांगितलं. त्यानं दहाव्या मिनिटाला मला पट्टीनं ढोसलं. सुपरवायझर बाई धावत आल्या आणि त्याची पट्टीच काढून घेतली! "हलवू नकोस त्याला," बाई कुजबुजल्या. "आमच्या शाळेतल्या सरांचा पुतण्या आहे. सकाळीच फोन आलाता सरांचा, पोरगं फार घाबरतंय म्हणून." मग त्यांनी माझ्या बाजूची खिडकी लोटून घेतली, डोळ्यावर ऊन येत होतं म्हणून. बाहेर कॉरिडॉरमध्ये शिपायाला सांगितलं, की बादली आपटू नको. तीन तास त्या हॉलमध्ये कुणी पान उलटलं तरी जपून उलटत होतं.

एकला शेवटची घंटा झाली. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, हातातली उत्तरपत्रिका हळूच सोडवून घेतली आणि म्हणाल्या, "बघ, काही झालं का? उगंच घाबरत होतास!"

एम-थ्री गेला, आणि त्याच्याबरोबर माझं इंजिनिअरिंग.