कुंकू लावलेलं पोतं

संयोगिता काकी घराला कुलूप लावून जिन्यापर्यंत येतात, परत जाऊन कुलूप ओढून बघतात, खाली उतरतात आणि गॅस आठवून पुन्हा वर चढतात. राजारामपुरीतल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि काकी आमच्या समोर, तिसऱ्या मजल्यावर. त्यामुळं काळजीनं तब्येत बिघडते हे त्यांच्या बाबतीत खरं ठरलेलं नाही.

माहेर शाहूवाडीकडचं, डोंगरातलं. पावसाळ्यात तिथनं बाजार गाठायचा म्हणजे दिवस जायचा. म्हणून दोरीचा तुकडा असो की झाकण हरवलेला डबा, टाकायचं काही नाही, 'लागतंय कधीतरी' हा घरचा कायदा. लग्न होऊन काकी कोल्हापुरात आल्या, कायदा बरोबर आला. बावीस वर्षांत त्यांच्या दोन खोल्यांत पिशवीत पिशवी आणि त्या पिशवीत आणखी पिशव्या साठल्या. काकांनी, म्हणजे विजयसिंह काकांनी, कधी तक्रार केली नाही. ते सिटी बस चालवतात. गर्दीत वाट काढायची त्यांना सवय आहे.

तक्रार केली आक्कांनी. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, मुरगूडला असतात. त्यांचा फोन स्पीकरवर टाकावा लागत नाही, आम्हाला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. बाई असून बोलतात 'मी येतो, मी जातो', आणि 'संयोगिता'तली वेलांटी त्यांच्या तोंडात कधी बसलीच नाही. त्यांच्यासाठी काकी कायम 'संयोगता'.

काकींच्या पहिल्या दिवाळसणाला आक्कांनी स्टीलचा पाच किलोचा डबा घेतला. नाव काय घालू, असं दुकानदारानं विचारलं. आक्कांनी सांगितलं, त्यानं ऐकलं तसं कोरलं: 'सौ. संयोगता हिस आक्काकडून'. तेव्हापासून तो डबा मुरगूड-कोल्हापूर येजा करायचा. तिकडनं शेंगा भरून यायचा, इकडनं चकल्या भरून जायचा. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे काही कुणाला शिकवावं लागत नाही.

गेल्या वर्षी काकींकडं हळदी-कुंकू होतं, आक्का मुद्दाम आलेल्या. बसायला जागा बघता बघता चार बायकांत म्हणाल्या, "संयोगता, तुझ्या घरात बसायचं तर आधी पिशव्या उठवायला लागत्यात. घर हाय का भंगाराचं दुकान?" बायका हसल्या. काकीही हसल्या. पण डबा तेव्हा इथंच होता, भरून पाठवायची पाळी काकींची होती, आणि त्यांनी तो काही भरला नाही. आक्कांनीही फोन केला नाही. दिवाळी आली नि गेली, डबा मांडणीवर पालथा.

मग काकींच्या मोबाइलवर व्हिडिओ करणाऱ्या एक पुण्याच्या बाई आल्या. चॅनेलचं नाव 'नीटनेटकं घर, आनंदी मन'. आवाज असा की दुधात साखर विरघळून वर थोडी शिल्लक राहिलेली. "मैत्रिणींनो, ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही, ती आता तुमची नाही. तिला प्रेमाने निरोप द्या." काकींनी हा व्हिडिओ सात-आठ वेळा लावला. आम्हाला पाठ झाला. एका रविवारी त्यांनी पदर खोचला आणि मांडणी उतरवली. हात लागलेलं एका बाजूला, न लागलेलं पोत्यात. कढया गेल्या, झारे गेले, सहा पेल्यांतले उरलेले चार गेले. पालथा डबा हातात आला. वर्ष झालेलं होतं. त्यांनी तो पोत्यात घातला, आणि घालताना थोडं बरंही वाटलं, असं त्या नंतर खाली बघत म्हणाल्या.

आता राहिला निरोप. काकींना निरोपाची एकच रीत ठाऊक. त्यांनी पोत्याला हळद-कुंकू लावलं. खाली भंगारवाल्या चमनचा टेम्पो उभाच होता. त्याच्या भोंग्यातनं दिवसभर 'भंगारेय, पत्रा, लोखंड, जुनी भांडीय' चालू असतं, त्यामुळं चमन स्वतः फार बोलत नाही. त्यानं कुंकवाकडं बघितलं, पोतं तोललं आणि नेलं.

सोमवारी संध्याकाळी फोन वाजला.

"संयोगता हाय का?"

आक्कांचा मोतीबिंदू पिकला होता. शुक्रवारी इथंच, राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडं ऑपरेशन ठरलं होतं. गुरुवारी येतो, आठ दिस ऱ्हातो, चालंल न्हवं, असं आक्कांनी विचारलं. आक्का कुणाला काही विचारत नाहीत, सांगतात. म्हणून काकी आधीच घाबरल्या. मग आक्का म्हणाल्या, "माझा डबा हाय न्हवं तुझ्याकडं?"

"हाय की," काकी म्हणाल्या. तोंडातनं निघून गेलं.

त्यानंतर चार वेळा गॅस बघून झाला. आक्कांनी वर्षानंतर हात पुढं केला होता तो डब्याचं नाव काढून, एवढं काकींना कळत होतं. आणि डबा भंगारात. आक्का म्हणणार, मला भंगारात घातलीस. काकांनी जेवता जेवता तोडगा काढला: तसलाच नवा घे, नाव घालून घे, त्यांना दिसतंय कुठं आता.

"नव्या डब्यावर नाव बरोबर येईल की," काकी म्हणाल्या. "तिथंच घावणार." आक्का डबा हातात घेतल्यावर नावावरनं बोट फिरवतात, हे त्यांनी वीस वर्षं बघितलं होतं.

मंगळवारी सकाळी त्या रुळापलीकडं चमनच्या गोदामात गेल्या. चमन म्हणाला, रविवारचं स्टील सोमवारीच मोठ्या व्यापाऱ्याकडं गेलं. काकी तिथल्याच एका फाटक्या टायरवर बसल्या. तेवढ्यात आतनं चमनची आई, हुसेनबी, बाहेर आली आणि काकींच्या कपाळाकडं बघत उभी राहिली.

"ते कुंकवाचं पोतं तुझं काय गं?"

पोतं भिंतीच्या कडेला होतं, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. हुसेनबीनं ते गाडीत चढवूच दिलं नव्हतं. कुंकू लावून कुणी भंगार देत नाही, ही कुणाची तरी करणी, असं म्हणून तिनं गाडी भरणाऱ्या पोरांना हात लावायला बंदी केली होती, चमनला पत्ताच नव्हता. "निरोप दिलावता," असं काकींनी सांगितल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कढईला? आणि मी दोन दिस भीत बसलोय."

डबा पोत्याच्या तळाशी निघाला. काकींनी नावावरनं बोट फिरवलं आणि तिथंच डोळे पुसले. निघताना हुसेनबीनं डबा हातातनं ओढून घेतला, आत गेली, चार मुठी शेवया घालून आणला. म्हणाली, रिकामा कसा नेतेस. आणि ते पोतंबी उचल, मला नगं.

गुरुवारी आक्का आल्या, बरोबर सहा पिशव्या. घर किती मोकळं झालंय, चकचकीत बरण्या कशा एका रांगेत लावल्यात, आक्कांना काहीच दिसेना. सगळं धुरकट. दाराआड लपवलेलं पोतंही दिसलं नाही, पण पायाला बरोबर लागलं. कढया खणाणल्या.

"काय गं हे?"

काकींनी काय सांगायचं ते दोन दिवस पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आलं नाही. पुण्याच्या बाई, वर्षाचा नियम, कुंकू, हुसेनबी, सगळं उलटसुलट सांगून झालं. शेवटी त्यांनी खुर्चीवर टेकलेल्या आक्कांच्या मांडीवर डबा ठेवला. आक्कांचं बोट झाकणावर चाललं. नावाशी थांबलं, परत मागं गेलं.

"वरीसभर हात लागला न्हाय म्हणून टाकलास व्हय," आक्का म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला नाही, हे काकींनी सांगितलं म्हणून कळलं. "मग वरीसभर मलाबी कोण इचारलं न्हाय. मला कुठल्या पोत्यात घालणार हुतीस?"

काकींना रडू फुटलं. आक्कांनी झाकण काढून शेवयांत हात घातला, एक काडी तोडून चावली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बारीक हाईत. तुझ्या हातच्या न्हवंत. रडायचं बास कर नि खीर टाक. त्या हुसेनबीलाबी पाठवायची हाय."

काकी बसायला गेल्या तर सोफ्यावर आक्कांच्या सहा पिशव्या. त्या उचलून खाली ठेवल्या, मग बसल्या.

ऑपरेशन नीट झालं. काकींनी आक्कांच्या डोळ्यात थेंब घातले, दर वेळी हात दोनदा धुऊन. आठ दिवसांनी आक्का गेल्या, डबा चकल्यांनी भरून बरोबर गेला. हुसेनबीला खीर पोचली, तिनं भांडं परत दिलं ते चिंचेनं भरून.

आता तीन आठवडे झाले, मुरगूडहून डबा आलेला नाही. पाळी आक्कांची आहे. काकी म्हणतात, डोळा दुखत असेल. मग म्हणतात, मनात राग असेल. फोन करायला उचलतात, ठेवतात. मांडणीवर डब्याएवढी एक गोल जागा मोकळी आहे, तिथं त्या कुणाला पेलासुद्धा ठेवू देत नाहीत. रोज सकाळी तेवढी जागा पुसतात, कुलूप लावतात, खाली जातात आणि एसटीनं कुणी आलं तर दार बंद असायला नको म्हणून पुन्हा वर येतात.