चौथीतली समीक्षा पहिलीच्या रांगेत

माझ्या नवऱ्याला वाटतं, माझं सगळं त्याला माहीत आहे. बहिणीलाही तसंच वाटतं. पण एक गोष्ट — दहा-अकरा वर्षं होत आली — मी दोघांच्याही कानावर घातलेली नाही. कुणाच्याच नाही. आज तुम्हाला सांगते आहे. मध्ये आडवळणं घेईन, ती माझी जुनी खोड आहे; पण आज शेवटापर्यंत जाणार आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहते खामगावात. तेव्हा वडनेर भोलजीला एसटीतून उतरायचं आणि पुढे ऑटोनं — मिळाला तर — एका लहानशा गावात जायचं. शाळेत चार वर्ग आणि शिक्षक दोन. त्यातले दुसरे सर कधी मतदार याद्यांच्या कामावर, कधी प्रशिक्षणाला. म्हणजे एक खोली, चार रांगा आणि मी एकटी. पहिलीला चिंचोके मोजायला द्यायचे, दुसरीला शब्दपट्ट्या लावायला, तिसरीला पाढे लिहायला, आणि मग चौथीसमोर पुस्तक उघडायचं — तेही एक कान तिसरीकडे ठेवून. मला ते जमायचं. चांगलं जमायचं. शिक्षकांच्या बैठकीत माझं नाव निघायचं, की बाईंची सगळी मुलं वाचतात. सगळी! हा शब्द ऐकला की मी खुर्चीत जरा ताठ बसायचे.

पण तो खरा नव्हता. कारण समीक्षा वाचत नव्हती.

समीक्षा चौथीत होती. अंगानं इतकी लहानखुरी की पहिलीत खपून जावी. आई मजुरीला जायची, म्हणून धाकट्या भावाला सांभाळायला ही दोन वर्षं घरीच राहिली — हजेरीपटावर नाव, वर्गात पत्ता नाही. चौथीत रोज यायला लागली तेव्हा तिला बाराखडीसुद्धा धड येत नव्हती. काय करायला हवं ते मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. रोज अर्धा तास तिला जवळ घेऊन बसायला हवं होतं. चार-सहा दिवस बसलेही. मग राहिलं ते राहिलंच. मी तिला मागे बसवलं आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं. ती फार सुंदर उतरवायची. काय उतरवलंय, ते मात्र तिला कळत नसे.

डिसेंबरात नवे केंद्रप्रमुख आले — आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. हजेरीपट समोर ठेवून ते एकेका मुलाला वाचायला लावणार होते. सगळी वाचली तर शाळा 'प्रगत' ठरणार. आणि एखादं अडलं तर? तर काय होणार होतं! कागदावर एक खूण झाली असती आणि त्या मुलासाठी जादा तास लावले असते. माझी नोकरी जाणार नव्हती, पगार कापला जाणार नव्हता. फक्त 'सगळी' हा शब्द गेला असता.

साहेब न कळवता आले. फाटकाशी मोटारसायकल थांबली. समीक्षाला घरी पाठवावं तर घराला कुलूप, आई कापूस वेचायला गेलेली. पहिलीतली गुंजन नेमकी त्या दिवशी मामाच्या गावी होती, तिची जागा रिकामी. मी समीक्षाचा दंड धरला, तिला गुंजनच्या जागी नेऊन बसवलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "साहेबांनी विचारलं तर तू गुंजन. पहिलीतली." पहिलीच्या मुलाला दोन-चार अक्षरं आली तरी साहेबांना पुरत. हजेरीपटात समीक्षापुढे गैरहजेरी मांडली. साहेब चपला काढून आत येईपर्यंत सगळं झालेलं होतं.

आणि समीक्षानं वाचलं. कमळ वाचलं, मगर वाचलं, पहिलीच्या पुस्तकातला चार ओळींचा धडा बोट ठेवून, न अडखळता वाचला! मी पहिलीला शिकवायचे तेव्हा ही मागे बसून ऐकत होती — आणि मला त्याचा पत्ता नव्हता. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "शाब्बास गुंजन!" म्हणाले, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. चौथीची मुलं माझ्याकडे बघत होती. मी डोळे वटारले आणि तीही टाळ्या वाजवू लागली. चारही वर्गांना मी एकदम शिकवलेला तो एकच पाठ. समीक्षाचा चेहरा असा फुलला होता — शाळेत तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या असतील का कधी त्याआधी? मी तरी नाही.

तुम्ही म्हणाल, तपासणीला असं पुष्कळ जण करतात. करतात खरं. तेवढंच असतं तर झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प राहिले असते, आणि झोपही नीट लागली असती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले तर समीक्षा पहिलीच्या रांगेत बसलेली. आपणहून. ऊठ म्हटलं तर म्हणाली, "मॅडम, मले इथंच बसू द्या ना. इथं मले समजते."

इतकी शहाणी गोष्ट त्या वर्गात मीही कधी बोलले नव्हते. तिला तिथेच बसू द्यायचं होतं — महिनाभर, दोन महिने. काय बिघडलं असतं? पण साहेब पुन्हा आले तर? कुणी विचारलं तर? मी तिला दंडाला धरून उठवलं आणि म्हटलं, "घोडी झालीस, लाज नाही वाटत?" वर्ग हसला. असं तीन दिवस चाललं. ती तिथे बसायची, मी उठवायचे, वर्ग हसायचा.

चौथ्या दिवशी साहेब निकालाचा कागद घेऊन आले. खुर्चीवर बसून चहा घेत होते. सही तेवढी व्हायची होती. तेवढ्यात समीक्षाची आई दारात उभी राहिली. शेतात जायच्या तयारीनं आलेली, डोक्याला फडकं, आणि समीक्षाचं मनगट हातात.

"मॅडम, माह्या पोरीले पयलीत काऊन बसोलं? पोट्टे चिडवून राह्यले तिले. हे म्हणते, तुमीनंच बसोलं आन् सायबाले गुंजनचं नाव सांगायले लावलं."

साहेबांचा हात कपासकट थांबला.

इथे — इथेच मला यायचं होतं, आणि इथे यायला मी इतका वेळ लावला. एक वाक्य पुरे होतं. हो, मीच बसवलं. म्हटलं असतं तर साहेब चिडले असते, बैठकीत चार जण कुजबुजले असते, आणि सहा महिन्यांत सगळे विसरले असते. हे सगळं मला तेव्हा, त्या क्षणी दिसत होतं.

मी म्हणाले, "मी कशाला बसवू? खोटं बोलते ती. सवयच आहे तिला."

सवयच आहे तिला — याची तर गरजही नव्हती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी मारल्या. एका नऊ वर्षांच्या मुलीवर.

आईनं तिच्या थोबाडीत मारली. एकच, पण खोलीभर आवाज झाला. समीक्षा रडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. आणि म्हणाली, "हाव माय. मीच बसली होती. मॅडमनं नाही सांगतलं."

साहेबांनी तिला ओळखलं होतं. न ओळखायला चार दिवसांत काय झालं होतं? पण त्यांच्याही हाताखालच्या शाळा प्रगत व्हायच्या होत्या. त्यांनी कपात बघत चहा संपवला आणि सही केली. आईनं मला हात जोडले. "माफ करा मॅडम, लय खोटारडी झाली हे. तुमी हाय म्हणून शिकून राह्यली." दुसऱ्या दिवशी तिनं समीक्षाच्याच हाती तुरीच्या शेंगा पाठवल्या. मी घेतल्या. मीठ घालून उकडल्या, घरात सगळ्यांनी खाल्ल्या. मीही खाल्ल्या.

त्यानंतर समीक्षा पहिलीच्या रांगेत बसली नाही. वर्गात तिनं तोंडही उघडलं नाही. जानेवारी ते एप्रिल, पुरे चार महिने माझ्या हातात होते. मी तिला जवळ घेऊन बसले नाही. तिच्याजवळ बसायचं म्हणजे तिच्याकडे बघावं लागलं असतं.

चौथीच्या प्रगतिपत्रकावर मी वाचनापुढे 'चांगले' असं लिहिलं. निकालाच्या दिवशी सगळी मुलं गेल्यावर ती एकटीच टेबलापाशी आली.

"मॅडम, मी पाचवीत गेली?"

"हो."

"पन मले चौथीचं पुस्तक वाचता नाही येत ना."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "आता लिहिलंय ना, येतं म्हणून."

तिनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला. वाकून माझ्या पाया पडली. आणि मी पडू दिलं.

पुढे ती पाचवीला वडनेरला गेली आणि सातवीत शाळा सुटली, एवढं कानावर आलं. जास्त मी विचारलं नाही. माझी बदली झाली. चार वर्ग एका खोलीत कसे सांभाळावेत, हे सांगायला मला अजून प्रशिक्षणांना बोलावतात, आणि मी जाते.

समीक्षाच्या आईला आजही वाटत असेल, की आपली पोरगी त्या दिवशी खोटं बोलली. ती खरं बोलली होती. खोटं मी बोलले.