दक्षिण समुद्रातली बाटली

संगमनेरच्या कॉलेजात आज वर्गाला दाखवायला जुनी बाटली उघडली. फॉर्मॅलिनचा वास नाकात चढला आणि खर्डा गावातलं आमचं अंगण आठवलं.

त्या अंगणात एकदा, अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरून आणलेली हीच बाटली मी आईला कौतुकानं दाखवत होतो. "हे कणीएवढे जीव बघ, आई. हिवाळ्यात वर खायला उरत नाही, म्हणून खोल पाण्यात जातात. उजेड आला की परत वर येतात."

"आन् पोरं कुनापाशी ठिवत्यात?" आईनं विचारलं.

मी खो खो हसलो. ते हसणं अजून टोचतं.

बाटली पदरानं पुसून तिनं माझ्या हातात दिली. दर दिवाळीनंतर कोपरगावकडे ऊसतोडीला निघताना, मावशीच्या दारात मला सोडून, ती माझं तोंड असंच पुसायची.