नौदलातला मुऱ्हाळी

जळगावहून असोद्याला जायला वीस मिनिटं लागतात, रस्त्यात म्हशी आडव्या आल्या तर पंचवीस. एवढ्याशा रस्त्यासाठी माझा भाऊ दर आखाजीला मुंबईहून येतो. आधी जळगावला माझ्या सासरी, मग मला गाडीत घालून असोद्याला. एक वर्ष सोडलं, तर गेली बावीस वर्षं हा उद्योग चालू आहे.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात. आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात आणि आमरसावर ताव मारतात. सासरहून लेकीला न्यायला माहेरचं जे माणूस येतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हा जुना रिवाज. आता पोरी स्वतःच्या गाड्या चालवत माहेरी जातात आणि मुऱ्हाळी हा शब्दही विसरल्यात. मी विसरले नाही. ज्या वर्षी भाऊ समुद्रावर होता, त्या वर्षी मी गेलेच नाही. आईनं पुरणाचे मांडे डब्यात घालून एस.टी.नं पाठवले, तरी गेले नाही. मी हट्टी आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

पहिल्या वर्षी भाऊ शेजाऱ्याची मोटारसायकल मागून आला होता. माझी बॅग टाकीवर, मी मागे, आणि वाटेत त्यानं बर्फाचा गोळा खाऊ घातला. लाल रंगाची जीभ घेऊन मी माहेरच्या अंगणात उतरले, तेव्हा आई आम्हा दोघांवर खूप ओरडली होती. त्या ओरडण्याची आजही आठवण येते.

असोद्याचा मुलगा नौदलात कसा गेला, असं लोक विचारतात. आमच्या दहा गावांत समुद्र नाही; आहे ती शेतातली विहीर. भाऊ तिथे पोहायला शिकला आणि शिकल्यावर त्यानं आपल्या वर्गमित्रालाही विहिरीत ढकललं. तो मित्र गटांगळ्या खात खात वर आला. पुढे माझं लग्न त्याच्याशीच झालं. लग्नाच्या दिवसापर्यंत दोघं एकमेकांना ‘अरे’ म्हणायचे. अक्षता पडल्या आणि भाऊ त्याला ‘पाव्हणे’ आणि ‘तुम्ही’ म्हणायला लागला. रीतीला आमचं घर पक्कं आहे.

माझे मिस्टर केळी परदेशी पाठवतात. शेतात घड उतरवायचे, फण्या सोडवून धुवायच्या, खोक्यांत भरायच्या, थंड कंटेनरात लावायच्या, तो कंटेनर मुंबईच्या बंदरात जाणार आणि तिथून जहाजानं आखातात. एक माणूस समुद्र राखतो, दुसरा त्यावरून केळी पाठवतो, आणि दोघंही माझे. मी मनातल्या मनात फार मिरवायचे.

मग आखाताकडे युद्ध पेटलं. मालाची जहाजं मध्येच अडकायला लागली, काहींवर हल्ले झाले. भाऊ तेव्हा मुंबईच्या कचेरीत होता आणि मालवाहू जहाजांच्या सोबतीला नौदलाची जहाजं द्यायची, हेच त्याचं काम होतं. त्याच्या कचेरीनं एकदा निर्यातदारांना बैठकीला बोलावलं. केळीवाल्यांच्या वतीनं माझे मिस्टर गेले. जाताना मी इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि भावासाठी शेवेचा डबा दिला. डबा तसाच परत आला.

बैठकीत काय झालं ते मला बऱ्याच दिवसांनी दोघांकडून कळलं, आणि दोघांचं सांगणं इतकं सारखं होतं की मला हसू आलं. भावाचं म्हणणं, जहाजं गटानं निघतील, आणि कधी निघतील ते आधी कुणालाच कळणार नाही. तारीख फुटली की संरक्षणाला अर्थ उरत नाही. मिस्टरांचं म्हणणं, कांदा थांबेल, कापूस थांबेल, केळी थांबत नाही. जहाज कधी निघणार ते कळलं तरच घड कधी कापायचे ते ठरवता येतं. आधी कापला तर वाटेत पिकतो, उशिरा कापला तर जहाज चुकतं. त्या खोलीत एक ‘सर’ होता आणि दुसरा ‘शेठ’. शेवटी भाऊ म्हणाला, ‘‘शेठ, मला माणसं वाचवायची आहेत.’’ मिस्टर म्हणाले, ‘‘सर, माझ्या मागेही माणसंच आहेत.’’ दोघंही खरं बोलत होते, म्हणूनच भांडण मिटेना.

त्या वर्षी पहिल्यांदाच आईच्या शेतातली केळी परदेशी जाणार होती. आईनं बाग पोटच्या पोरासारखी जपली होती. वारा लागून फळावर ओरखडे पडू नयेत म्हणून ती घडाघडापाशी उभी राहून पिशव्या चढवून घ्यायची. ‘‘माही केयी इमानात नही, पन जहाजात तरी बसीन,’’ असं म्हणायची, विमानाला ती इमानच म्हणते, आणि स्वतःच हसायची.

बैठकीनंतर चार दिवसांनी मिस्टर जेवता जेवता म्हणाले, ‘‘सोमवारी कापणी लावतो. शुक्रवारी जहाज निघतंय, सोबत नौदल आहे.’’ तारीख कुणी सांगितली, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला वाटलं, बैठकीत ठरलं असेल.

सोमवारी असोद्याला कंटेनर लागला. आमच्याकडे कंटेनर निघताना दाराला हार घालतात, नारळ फोडतात, सगळे समोर उभे राहतात आणि फोटो काढतात. तो फोटो मग व्हॉट्सअॅपवर टाकायचा. तो टाकला नाही तर माल गेला असं कुणाला वाटतच नाही. त्या दिवशी नारळ आईनं फोडला आणि फोटो मी काढला. आई मध्ये, डोक्यावर पदर, हातात फोडलेला नारळ. मागे कंटेनर. मला इतका आनंद झाला की मी खाली लिहिलं : आमच्या आईची केळी निघाली आखातात. जहाजाचं नाव लिहिलं. शुक्रवारी निघणार, लिहिलं. आणि शेवटी, सोबतीला आपलं नौदल.

तासाभरात तो फोटो बोदवडपासून धुळ्यापर्यंत फिरला, आणि पहिला कुणी टाकला ते कळायला मार्ग उरला नाही. सगळ्यांनी हात जोडले, हार टाकले, झेंडे टाकले. मी संध्याकाळपर्यंत फोन हातातून सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला, मिस्टरांच्या फोनवर. आवाज एवढा मोठा होता की मी स्वयंपाकघरात ऐकला. ‘‘पाव्हणे, तुम्हा व्यापाऱ्यांच्या तोंडाला कुलूप नाही! दोनशे माणसांचा जीव तुम्ही स्टेटसला लावला!’’ मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, ‘‘चुकलं.’’ एवढंच. फोटो कुणी काढला, कुणी टाकला, यातलं काहीच बोलले नाहीत.

मी फोन घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो खिशात घातला. ‘‘राहू दे,’’ म्हणाले, ‘‘व्यापाऱ्याशी झालेलं भांडण मिटतं. तुझं माहेर एकच आहे.’’ लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसावर माझं किती प्रेम आहे ते मला त्या दिवशी कळलं. लाजही तेवढीच वाटली.

निघण्याची तारीख बदलली. जहाजं बारा दिवस बंदरात थांबली. भावाला वरच्यांपुढे लेखी खुलासा द्यावा लागला, कारण गावही त्याचंच आणि फोटोतली आईही त्याचीच. जहाज सुखरूप पोचलं, पण कंटेनर उघडला तेव्हा केळी पिवळी पडली होती आणि तिकडच्या शेठनं ती घेतली नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘जाऊ दे. जहाजावरचे लोकं तं पोचले ना?’’ पुढे म्हणाली, ‘‘आता आखाजीले दोघांले रस खायाले बोलाव. भांडन समुद्रात ठेवा म्हना.’’

पण भावाचा फोन येईना. आखाजी आठ दिवसांवर आली, मग चार, मग दोन. मिस्टर विचारायचे, ‘‘मी सोडू का?’’ मी म्हणायचे, ‘‘मुऱ्हाळी येईल.’’ मनात मात्र वाटायचं, आता कसला येतोय. एवढ्या वर्षांचं माझं माहेर मी एका फोटोत घालवलं.

आदल्या दिवशी सकाळी दारात गाडी थांबली. भाऊ आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, ‘‘आवर व बाई, माय वाट पाहून राह्यली.’’ मिस्टर पाणी घेऊन पुढे गेले. त्यानं पाणी घेतलं, त्यांच्याकडे न पाहता प्यायला आणि तांब्या माझ्या हातात दिला.

गाडी गावाबाहेर पडली, तशी केळीची रानं लागली. मी सरळ सांगून टाकलं. ‘‘भाऊ, फोटो मी टाकला होता. लिहिलं पण मीच. त्यांनी फक्त माझ्यासाठी ऐकून घेतलं.’’

त्यानं गाडी बाजूला घेतली. मग ती वळवली, परत जळगावकडे. मुऱ्हाळी लेकीला अर्ध्या वाटेतून सासरी परत सोडतो, असं मी आजवर ऐकलं नव्हतं. मी रडायला लागले.

घरी मिस्टर एकटेच खुर्चीत बसले होते. भाऊ या वेळी आत गेला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. ‘‘तारीख कुणाला सांगायची नाही, असं मी भर बैठकीत ओरडून सांगितलं,’’ तो म्हणाला, ‘‘आणि चौथ्या दिवशी मीच तुला फोन करून सांगितली. मायची केळी चुकू नये म्हणून. पहिल्यांदा ती मी फोडली, रे. खुलाशातही मी तेच लिहिलं. तुझ्यावर ओरडलो, कारण स्वतःवर ओरडता येत नव्हतं.’’

मिस्टर उठले. मग म्हणाले, ‘‘विहिरीत ढकललं होतं तेव्हा पण तू असाच उशिरा हात दिला होता.’’

इतक्या वर्षांनी ते दोघं एकमेकांना ‘अरे’ म्हणत होते. त्या दिवशी मुऱ्हाळ्यानं लेकीबरोबर जावयालाही नेलं. हे रीतीत बसत नाही. पण आईनं नुसतं रसाचं पातेलं पुढे सरकवलं.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. या वर्षी आखाजीच्या आधी भावाचा फोन आला. ‘‘येतोय,’’ म्हणाला. मी विचारलं, ‘‘कोणत्या दिवशी, किती वाजता?’’ तो म्हणाला, ‘‘ते सांगायचं नसतं.’’ फोन ठेवला आणि मी लगेच बॅग भरून दाराशी ठेवली. आईला सोडून कुणालाही सांगितलं नाही.