गॅरेजमधला तांडेल

मिशिगनमध्ये ज्याच्या घराला गॅरेज आहे तो हिवाळ्यात गाडी गॅरेजमध्ये ठेवतो. तांडेलकाका गाडी बाहेर बर्फात ठेवत आणि गॅरेजमध्ये होडी. सकाळी आमचं सगळं ट्रॉय गाव आपापल्या उबदार गाडीत बसून ऑफिसला निघायचं, तेव्हा हे गृहस्थ कानटोपी घालून काचेवरचा बर्फ खरवडत असत. कुणी गाडी हळू करून विचारलंच, "काका, होडी बाहेर आणि गाडी आत असं का नाही करत?" तर ते खरवडणं न थांबवता म्हणत, "गाडीला काय, तिला ऑफिसला जायचं आहे. होडीला फ्लोरिडाला जायचं आहे."

तांडेल हे अर्थातच त्यांचं आडनाव नव्हतं. काका पक्के नागपूरचे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईला गेले तेव्हा, आणि तोही टॅक्सीतून. पोहता येत नव्हतं. ज्या माणसाच्या गावाला समुद्र नाही त्याच्या गॅरेजात केबिनवाली होडी आहे हे कळल्यावर मंडळाच्या गणपतीत एका मुंबईकराने त्यांना तांडेल म्हणून हाक मारली. चेष्टाच होती ती. पण कोळ्यांच्या होडीवरच्या मुख्य माणसाला तांडेल म्हणतात हे कळताच काका इतके खूश झाले की मुंबईकराचाच विरस झाला. त्यानंतर फोनवर सुद्धा ते "तांडेल बोलून राहिलो" असंच म्हणायला लागले.

माझी त्यांची ओळखही त्या गणपतीतलीच. मी लग्न करून नुकतीच आले होते. माझ्या नवऱ्याला, मंदारला, एच-वन व्हिसावर गाड्यांच्या कंपनीत नोकरी, आणि मी त्याची बायको म्हणून एच-फोरवर. म्हणजे राहायची परवानगी, नोकरी करायची नाही. आरतीनंतर जो तो मला "मंदारची वाइफ ना?" असं विचारून पुढे सरकत होता. काकांनी विचारलं, "तू काय करतेस?" मी म्हटलं, "काही नाही, एच-फोर." त्यावर ते म्हणाले, "व्हिसा नाही विचारला मी. शिक्षण विचारून राहिलो." मी सिव्हिल इंजिनियर आहे आणि लग्नाआधी नगरकडे एका कालव्याच्या कामावर होते हे ऐकल्यावर त्यांनी हातातली श्रीखंडाची वाटी खाली ठेवली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या काकूंना ओरडून सांगितलं, "अवो, कालव्याची इंजिनियर भेटली!" त्या दिवसापासून मी त्यांची इंजिनियरबाई झाले. या देशात मला त्या नावाने हाक मारणारा दुसरा कुणी नव्हता. मला त्याची किती गरज होती हे मलाही तोवर माहीत नव्हतं.

त्यांचा बेत असा होता. ट्रॉयजवळच्या तळ्यात होडी सोडायची, डेट्रॉइटच्या नदीतून ईरीच्या मोठ्या तळ्यात जायचं, ते ओलांडून बफेलो गाठायचं. तिथून ईरीचा जुना कालवा लागतो, तो आडवा जाऊन हडसन नदीला मिळतो. मग न्यूयॉर्क, आणि तिथून किनाऱ्याच्या आतल्या बाजूने कालवे, खाड्या, नद्या करत करत थेट फ्लोरिडा. समुद्राच्या लाटांशी संबंध जवळपास नाहीच. "पोहता येत नाही ना," काका गंभीरपणे म्हणत, "म्हणून हा रस्ता." मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे कालवा म्हणजे उसाला पाणी. होडी जाईल असा कालवा मीही पाहिलेला नाही. ते म्हणाले, "मग दोघं मिळून पाहू."

बेसमेंटमध्ये टेबल टेनिसच्या टेबलावर नकाशे पसरलेले असत. कडा वळू नयेत म्हणून त्यांवर काकूंचे डाळींचे डबे ठेवलेले. दुपारी मंदार ऑफिसात असताना मी तिकडे जायची आणि काका संध्याकाळी घरी येईपर्यंत कुठल्या पुलाखालून होडी जाईल, कुठे पाणी उथळ आहे हे शोधून ठेवायची. मुक्काम मात्र काकाच ठरवत आणि त्याची पद्धत अस्सल होती: जिथे आपला माणूस तिथे मुक्काम. ऑल्बनीला काकूंच्या मावसबहिणीचे दीर, मेरीलँडला कॉलेजचा मित्र. न्यू जर्सीत तर इतके नातेवाईक निघाले की होडी तिथून पुढे जाणारच नाही अशी मला भीती वाटायला लागली. "एकाकडे जेवलो आणि दुसऱ्याकडे नाही, असं कसं चालेल?" काका म्हणत. किनाऱ्यापासून तीस मैल आत राहणाऱ्या चुलतभावाचंही त्यांना टेन्शन होतं.

हे सगळं कशासाठी, तर काकूंच्या गुडघ्यांसाठी. थंडी पडली की काकूंचे गुडघे धरायचे. नोव्हेंबर ते एप्रिल त्यांना जिना उतरणं जड जाई, मग त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहत आणि बाहेरच्या पांढऱ्या अंगणाकडे बघत. "किती दिवस झाले, मी माती पाहिली नाही गं," त्या एकदा मला म्हणाल्या. काकांनी त्यांना कबूल केलं होतं, एक हिवाळा बर्फाशिवाय. विमानाने तीन तासांत जाता आलं असतं की, हे मी एकदा बोलून बसले. काका म्हणाले, "विमानाने माणूस पोचते. मला हिला नेत नेत जायचं आहे, हळूहळू." काकू तोंडाला पदर लावून हसल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

मग अडलं कुठे? तर एका शब्दापाशी. करंट. आमच्यातल्या प्रत्येकाला हा शब्द माहीत होता. ग्रीन कार्डाच्या रांगेत प्रत्येकाची एक तारीख असते आणि दर महिन्याला सरकार जाहीर करतं की रांग कुठल्या तारखेपर्यंत आली. तुमची तारीख आली की तुम्ही करंट. तोवर नोकरी सोडायची नाही. सोडली तर राहायची परवानगीही जाते. आणि फ्लोरिडाला होडीने जायचं म्हणजे काही महिन्यांचं काम, तेवढी रजा देतंय कोण? आधी काकांचा लेबरचा, म्हणजे कंपनीने कामगार खात्याकडे करायचा पहिला अर्ज कुठेतरी अडकला. तो सुटला तर तारखाच मागे जायला लागल्या. दर महिन्याला काका ऑफिसातून फोन करत, "इंजिनियरबाई, पाण्यातला करंट पुढे जाते. आपला मागे जाऊन राहिला." मी हसायची आणि फोन ठेवून घराच्या चार भिंतींकडे बघत बसायची, कारण त्यांच्या मागे रांगेत मंदार होता आणि मंदारच्या मागे मी.

त्या दिवसांत आम्हा सगळ्यांच्या पायांत काय बेड्या होत्या ते एका रविवारी चांगलं कळलं. इंजिन तपासायला म्हणून काका, काकू आणि मी जवळच्या सेंट क्लेअरच्या तळ्यात होडी घेऊन गेलो. हे तळं अर्धं अमेरिकेचं, अर्धं कॅनडाचं, आणि हद्द फक्त नकाशात दिसते. तळ्याच्या बऱ्याच आत गेल्यावर इंजिन बंद पडलं ते पडलंच. वारा आम्हाला पूर्वेकडे ढकलायला लागला. काकांनी नकाशा पाहिला आणि त्यांचं धाबं दणाणलं. "अवो, आपलं पासपोर्टावरचं व्हिसाचं स्टॅम्पिंग संपलेलं आहे! तिकडे गेलो तर परत घेतील का?" काकूंनी ताबडतोब जेवणाच्या डब्यांखालून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले सगळ्यांचे पासपोर्ट काढले आणि छातीशी धरले. तेवढ्यात कॅनडाचा, मेपलच्या पानाचा झेंडा लावलेली एक बोट जवळ आली. तिच्यातल्या म्हाताऱ्याने ओढून न्यायचा दोर दाखवत प्रेमाने विचारलं, "नीड अ टो?" काका दोन्ही हात हलवत ओरडले, "नो, नो! वी आर नॉट हिअर!"

म्हातारा बिचारा बघतच राहिला. काका एका वल्ह्याने आणि मी काकूंच्या पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाने पाणी मारत अमेरिकेकडे सरकत होतो. शेवटी इंजिन सुरू झालं म्हणून अब्रू वाचली. घरी आल्यावर ही गोष्ट मंडळात वर्षभर पुरली. काका स्वतःच ती सगळ्यात रंगवून सांगत. पण त्यानंतर होडी पुन्हा पाण्यात गेली नाही. गॅरेजमध्ये, ट्रेलरवर उभ्या होडीत बसून ते चहा पीत, लाइफ जॅकेट घालून, आणि काकू त्यांना खालून कप देत. मी एकदा बघितलं तेव्हा ते सुकाणूवर हात ठेवून गॅरेजच्या बंद दाराकडे टक लावून बसले होते. मला पाहताच म्हणाले, "ये, ये. ऑल्बनी आलं." त्यांना वाटलं मी हसेन. मला रडूच आलं.

मग ते मंदीचं साल आलं. गाड्यांच्या कंपन्यांतून माणसं भराभर कमी व्हायला लागली आणि ऑक्टोबरात काकांचं नाव आलं. महिनाअखेरपर्यंत नोकरी, नंतर या देशात राहायची परवानगीच उरणार नव्हती. मी धावत गेले तेव्हा काकू पितळी डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या आणि काका गॅरेजमध्ये ट्रेलरचं टायर भरत होते. "मंदारला शनिवारी सुट्टी आहे का?" त्यांनी विचारलं. "कालवा हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या आत जाऊन यायचं आहे. एक लॉक तरी करू."

बफेलो कॅनडातून जवळ पडतं. आम्ही स्टॅम्पिंग संपलेले, तळ्याला ओहायोवरून सगळा वळसा घालून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्यात होडी सोडली. मंदार गाडीपाशी थांबला, आम्ही तिघं होडीत. लॉक म्हणजे पाण्यातली एक खोली. होडी आत गेली की मागचं दार बंद होतं, पुढचं आधीच बंद असतं. मग खोलीतलं पाणी सोडून देतात आणि होडी खाली जाते, पुढच्या कालव्याच्या पातळीला. वरून लॉक सांभाळणाऱ्या माणसाने विचारलं, "व्हेअर यू हेडेड?" काकांनी घसा साफ केला. "फ्लोरिडा." तो म्हणाला, "लेट इन द सीझन." काका म्हणाले, "येस सर. व्हेरी लेट."

पाणी उतरायला लागलं. दोन्ही बाजूंच्या ओल्या, शेवाळलेल्या भिंती वर वर गेल्या आणि आकाशाची पट्टी उरली. भिंतीचा दोर धरून आम्ही विहिरीच्या तळाशी बसल्यासारखे बसलो होतो. काकूंनी माझा हात घट्ट धरला. इतक्या वर्षांत मला जे कुणाला सांगता आलं नव्हतं ते तिथे असं समोर उभं होतं, पुढे दार बंद, मागे दार बंद. मग पुढची दारं उघडली आणि स्वच्छ उन्हात कालवा दिसला, दोन्ही काठांना पिवळी, लाल झाडं, सरळ दूरवर गेलेला. काकांनी होडी बाहेर काढली. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. काकूंनी काठाकडे बघून म्हटलं, "अहो, माती बघा किती काळी आहे." मग काकांनी होडी वळवली.

परत येताना त्याच लॉकमध्ये पाणी भरत गेलं आणि आम्ही वर आलो. काका पाण्याकडे बघत होते. "पाहून राहिली का, इंजिनियरबाई? करंट बिलकुल नाही, तरी वर चढून राहिलो," ते म्हणाले. वर तोच माणूस काठावर उभा होता. त्याने हसून विचारलं, "फर्गॉट समथिंग?"

"येस," काका म्हणाले. "माय कार्ड."

त्याला काय कळणार कुठलं कार्ड! तो समजुतीने म्हणाला, "नो प्रॉब्लेम. वी ओपन अगेन इन स्प्रिंग." काकांनी कानटोपी काढून त्याला नमस्कार केला.

होडी त्यांनी विकली नाही. "तुझ्याकडे राहू दे. आपली जागा धरून ठेव," म्हणाले आणि विमानतळावर आत जाताना मागे वळून एकदा हात केला. आम्हाला कार्ड मिळायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. त्याच्या थोडं आधी माझा नोकरीचा परवाना आला, काउंटीच्या पाण्याच्या खात्यात मला नोकरी लागली, आता तिथे सगळेच मला इंजिनियर म्हणतात. कार्ड आलं त्या जानेवारीत मी नागपूरला फोन केला.

"काका, करंट झालो आम्ही. कार्ड आलं."

ते काकूंना ओरडून सांगताना मला ऐकू आलं. मग ते फोनवर परत आले. "मग तू अजून ट्रॉयमध्येच काहून?"

मी सांगायला लागले. मुलीची शाळा, घराचं लोन, मंदारचं प्रोजेक्ट, माझी नवी नोकरी. सांगता सांगता माझं मलाच ऐकवेना. काकांनी मधेच विचारलं,

"होडी कुठे आहे?"

"गॅरेजमध्ये."

"आणि गाडी?"

मी खिडकीतून पाहिलं. रात्रभर पडलेल्या बर्फाखाली गाडी अर्धी दिसत नव्हती. मला ऑफिसला उशीर होत होता आणि खरवडणं तेवढं अजून बाकी होतं.

"बाहेर आहे, काका."

"मग जाशील तू," ते म्हणाले.