चालू ट्यूब बदलायची म्हणजे

पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळी गल्ली 'चालतंय' म्हणायची. कुणी वस्तू घेऊन आलं की हा ती फिरवून बघणार, कानाशी धरणार आणि परत हातात देणार, "चालतंय की. जोवर चालतंय तोवर हात लावायचा नाही." धंदा कसा करायचा हा माणूस, देव जाणे! त्याच्या घरातला पंखा रात्रभर कण्हायचा, पण चालायचा.

अशा माणसावर बायकोने टाकी सोपवली, आता बोला. बायको निवृत्त नर्स. बैठकीत तिची काचेची टाकी, त्यात खारं पाणी, दोन चिमुकले मासे आणि मधोमध जिवंत जांभळं प्रवाळ. बोटाएवढा तुकडा आणून तिने तो हळूहळू तळहाताएवढा केला होता. लेकीच्या बाळंतपणाला निघताना ती दारात थांबली.

"अहो, दिव्याच्या चारही ट्यूब वर्षभराच्या झाल्यात, बदला. पण एकदम नाही हं. एक बदलली की दोन आठवडे थांबायचं, मग दुसरी. नव्या ट्यूब कपाटावर ठेवल्यात."

"बदलतो की," तो म्हणाला आणि बदलल्या नाहीत. ट्यूब लख्ख पेटत होत्या. चालू ट्यूब काढायची? असलं पाप त्याच्या हातून जन्मात झालं नव्हतं.

हळूहळू प्रवाळ चिखलाच्या रंगाचं झालं, काचेवर शेवाळ चढलं. त्याने पाणी बदललं, काच घासली, माशांनाही दोन शब्द सुनावले. काही उपयोग नाही. शेवटी टाकीतले मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"ट्यूब कधी बदलल्या?"

"चालू आहेत की."

"तुमच्या डोळ्यांना चालू आहेत हो. जुनी झाली की तिचा निळा उजेड कमी होतो. प्रवाळाचं पोट त्याच उजेडावर भरतं."

झालं! मिस्त्रीला घाम फुटला. चूक एकदाची निस्तरावी म्हणून त्याने त्याच दुपारी चारही ट्यूब एकदम बदलल्या. दोन आठवड्यांचं पथ्य कुठल्या कुठे गेलं. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय. इतके दिवस मंद उजेडात राहिलेल्या प्रवाळावर एकदम चार नव्या ट्यूब कोसळल्या आणि ते खडूसारखं पांढरं पडलं.

बायकोचा व्हिडिओ कॉल आला की टाकी दिसू नये म्हणून तो भिंतीला पाठ लावून बसायला लागला. जेवण गोड लागेना. तिने पोरासारखं वाढवलेलं होतं ते. सांगायचं कसं? आणि नाही सांगितलं, तर ती येऊन काय बघणार?

एका सकाळी त्याने स्वतःच फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं. पलीकडून बायकोचा नव्हे, नर्सचा आवाज आला.

"त्याच्यावर मांस आहे, की नुसता सांगाडा?"

त्याने भिंग घेतलं. पांढऱ्या अंगावर पातळ, काचेसारखी साय होती आणि तिच्यात बारीक बारीक तोंडं हलत होती. "आहे. हलतंय गं."

"मग ते मेलेलं नाही, उपाशी आहे. पण एवढा उजेड त्याला एकदम पचणार नाही. दिवा वर उचला, मध्ये जाळी टाका, उजेडाचे तास निम्मे करा. आणि रडू नका."

"रडत नाहीये," तो नाक पुसत म्हणाला.

पुढे तो दुकानही टाकीसमोरच मांडून बसला. बरेच दिवस काहीच घडलं नाही. मग एकदा बुंध्याशी तपकिरी झाक दिसली, बोटभर वर सरकली, टोकांनी जांभळा रंग धरला. मिस्त्री खुर्चीत मागे रेलला आणि कित्येक महिन्यांनी पोटभर श्वास घेतला.

बायको आली ती बॅग हातात घेऊनच टाकीपाशी वाकली. "जगलं," ती म्हणाली. तो खाली फरशीवर बसला.

"लेक कामावर जाईल तेव्हा बाळाला इथे ठेवू म्हणत होती," ती पदराने काच पुसत म्हणाली. "मी नको म्हटलं होतं. म्हटलं, हे घोळ घालतील आणि लपवतील."

"मग?"

"तुमचा फोन आला त्याच दिवशी तिला हो म्हणून सांगितलं. उठा आता, पाळण्याला जागा करायचीय."